विसार परत

कुत्र्यानं पिशवी ओढली तेव्हा मी आत खोबरं भाजत होते.

तांबड्या रश्श्याची तयारी. आषाढ होता, कॉलनीची जत्रा होती. आमच्या कोल्हापुरात आषाढात गल्लोगल्ली जत्रा होते. घरटी वर्गणी काढतात, बकरी कापतात, मटणाचे सारखे वाटे घालतात. प्रत्येक घरातलं कुणीतरी डबा घेऊन मांडवात जातं आणि आपला वाटा घेऊन येतं. आम्ही या घरात नुकतेच राहायला आलो होतो. आम्ही बौद्ध. देवाचं आमच्यात काही नाही. पण गल्लीत राहायचं तर गल्लीत मिसळायचं, म्हणून वर्गणी मागायला आले तेव्हा मी लगेच दिली. त्यांनीही लगेच घेतली. पैसा बाटत नाही.

मीही डबा घेऊन रांगेत उभी राहिले होते. वाटे घालायला आबा होते. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा बंगला. गावाकडं ऊस, इथं बंगला, कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा. मला बघून ते मोठ्यानं म्हणाले, "तुमी कशाला उभं ऱ्हायलाय ओ बाई? तुमचा वाटा घरपोच येतोय की!"

मला काय वाटलं सांगू? मान. नवीन माणसं, पहिली जत्रा, म्हणून मान देतायत. मी खुशीत घरी आले. नवऱ्याला म्हटलं, माणसं चांगली आहेत हो इथली.

वाटा घरपोच आला. गेटच्या कडीला काळी पिशवी अडकवून गेले. बेल नाही, हाक नाही. कुत्र्यानं ती ओढली, फाडली, निम्मं मटण रस्त्यावर. समोरच्या गच्चीवरून दोन बायका बघत होत्या. एक हसली, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं आणि मग तीही हसली. मी खराटा आणला आणि रस्ता झाडून काढला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आत खोबरं करपून घरभर धूर झाला होता.

त्या दिवशी मला कळलं की हे घर आमचं आहे, पण गल्ली आमची नाही.

मी शिवणकाम करते. फुटबॉलच्या जर्सी. या शहराला फुटबॉलचं किती वेड आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शिवाजी पेठेतल्या तालमींच्या संघांपासून उपनगरातल्या मंडळांपर्यंत माझी गिऱ्हाइकं. नवरा फाउंड्रीत होता. दोघांनी वस्तीतल्या एका खोलीत राहून, सण मारून, कपडे मारून पैसे जमवले, कर्ज काढलं आणि हे घर घेतलं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पुढं एक कडुनिंब. वस्तीतली माणसं बघायला आली तेव्हा माझी आई प्रत्येक खोलीतला दिवा लावून बघत होती आणि परत बंद करत होती.

कॉलनीतल्या बाकीच्या बायका एकमेकींना वैनी, अक्का, मावशी. मी टेलरबाई. ब्लाउज शिवायला द्यायचा असला तरी गेटच्या बाहेरूनच माप सांगायच्या. आत या म्हटलं की कुकर लावलेला असायचा, गॅसवर दूध असायचं. एवढं दूध रोज उतू गेलं असतं तर कॉलनीतून ओढा वाहिला असता. त्याच बायकांची पोरं मी शिवलेल्या जर्सी घालून मैदानात लोळायची, घामेजून घरी जायची. त्या जर्सीला मात्र कुणाचा हात लागला होता ते कुणी विचारत नव्हतं.

हे सगळं मी सोसलं असतं. खोटं कशाला बोलू, सोसतच होते. माणसाला सवय होते आणि सवय झाली की तो त्याला शहाणपण म्हणतो.

मग काही वर्षांनी फाउंड्रीत नवऱ्याच्या पाठीवर साचा पडला. ऑपरेशन झालं. घरी आणलं आणि चार-आठ दिवसांत रात्रंदिवस कळा सुरू झाल्या, पाय बधिर पडला. मी अँब्युलन्स बोलावली. ती गेटपर्यंत येईना, कारण आमच्या दारात आबांच्या जावयाची गाडी आडवी लावलेली. नेहमीच असायची. मी आबांची बेल वाजवली, हात जोडले. जावई खिडकीत आला, हातात भाकरीचा तुकडा.

"जेवाय बसलोय. थांबा की जरा."

आम्ही थांबलो. मग नाही थांबलो. मी आणि अँब्युलन्सवाल्यानं नवऱ्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. तो ओरडत होता. मोठा माणूस, लहान पोरासारखा ओरडत होता. घराघरांतले पडदे हलत होते. बाहेर कुणी आलं नाही.

पुन्हा ऑपरेशन, पुन्हा औषधं. त्याची नोकरी गेली. घराचे हप्ते तटले. बँकेचा माणूस यायला लागला. एका दुपारी कॉटवर पडल्या पडल्या नवरा म्हणाला, "विकूया. मला हितं मरायचं न्हाय."

मलाही नको होतं ते घर. खरंच सांगते, नको होतं. मला दार उघडल्यावर हसणारं माणूस दिसायला पाहिजे होतं. बास, एवढंच. घर विकून कर्ज भागवायचं आणि उरलेल्यात कुठंतरी लहानशी जागा घ्यायची, असं ठरलं.

गिऱ्हाइकं यायला लागली. घर पसंत पडायचं. हॉलमधून वर जायची, गच्ची बघायची, कडुनिंब बघून खूश व्हायची. जाताना शेजारी जरा विचारपूस करतो म्हणायची आणि आबांच्या गेटात शिरायची. ती परत यायची नाहीत. फोनही उचलायची नाहीत. जयसिंगपूरहून आलेलं एक जोडपं तेवढं परत आलं. बाई सरळ होती. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं मला सांगितलं.

"ताई, राग मानू नका. घर ब्येस हाय. पण शेजारचं म्हणत्यात, आदी घर शुद्ध करून घ्याय लागंल. त्यो खर्च तुमी किमतीत कमी करा, आमी उद्या इसार देतो."

मी विचारलं, "काय घाण दिसली तुमाला घरात?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं चपलेकडं बघितलं. गेली दोघं.

मग आबा स्वतः आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडून आत आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. म्हणाले, जावयासाठी घेतो. भाव सांगितला. तो ऐकून नवऱ्यानं डोळे मिटले. बाजारभावाच्या जवळपाससुद्धा नव्हता. कर्ज फिटलं असतं आणि हातात जेमतेम भाड्याच्या खोलीची अनामत राहिली असती.

"दुसरं गिऱ्हाईक न्हाय मिळायचं," आबा म्हणाले. "तुमी ऱ्हायल्यालं घर हाय."

तुमी ऱ्हायल्यालं घर. आम्हा दोघांची सगळी कमाई, मी रोज पुसलेली फरशी, आणि त्याच्यावर हा शिक्का. आणि शिक्का मारणाराच खरेदीला बसलेला. तरी आम्ही हो म्हटलं. बँक दारात होती. नवरा म्हणाला, "सुटू या गं." नणंदेनं फोनवर सांगितलं, मिळतंय ते घे आणि पळ. मी हो म्हटलं आणि त्या संध्याकाळी मशीनवर बसले तेव्हा सुईत दोरा ओवता येईना.

विसार द्यायचा दिवस ठरला. विसार म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. आमच्याकडं तो नुसता हातात ठेवून होत नाही. घेणाऱ्यानं पैसे द्यायचे, विकणाऱ्यानं त्याचं तोंड गोड करायचं. मग शब्द पक्का. बैल विकताना, जमीन विकताना, सोयरीक जुळवतानाही हेच. आबा, त्यांची बायको आणि जावई, तिघं आले. पाकीट टेबलावर ठेवलं. मी वाटीत साखर घेऊन आले.

आबांच्या पुढं वाटी धरली. त्यांनी हात आखडला.

"मला शुगर हाय."

गेल्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सगळं कोल्हापूर जिलेबी खात होतं, तेव्हा हाच माणूस कॉलनीच्या चौकात कागदावरची जिलेबी संपवून बोटं चाटत होता. मी माझ्या गेटातून बघितलं होतं. वाटी त्यांच्या बायकोपुढं नेली.

"माजा उपास हाय," ती म्हणाली.

साखर उपासाला चालते. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, कॉटवर पडलेल्या माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. मी जावयापुढं गेले. त्यानं चिमूटभर साखर घेतली. मूठ मिटली आणि मूठ पँटीच्या खिशात घातली. खिशातून हात रिकामा बाहेर आला.

मी वाटी धरून तशीच उभी. घर चालतं यांना. गच्ची चालते, कडुनिंब चालतो, माझी मजबुरी तर फारच चालते. माझ्या हातची साखर चालत नाही.

आबांना घाई होती. "एक चावी आजच द्या. माणसं लावल्यात. फरशी सगळी उकलायची, मग वास्तुशांत करून घ्यायची. तुमाला काय, तुमी सुटला की आता."

माझ्या डोक्यात काहीतरी एकदम थंड झालं. राग आला असता तर मी रडले असते. राग नव्हता. मी वाटी खाली ठेवली, पाकीट उचललं आणि आबांच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये घिऊन जावा."

"का? काय झालं?"

"ज्याला साखर चालत न्हाय त्याला घर बी चालायचं न्हाय."

जावई उठला. आबांनी त्याला हातानं बसवलं. म्हणाले, "ओ बाई, इसार एकदा दिला म्हंजे दिला. शब्द हाय."

"तोंड गोड झाल्याबिगार इसार कसला, आबा? तुमीच सांगा. कॉलनीत तुमीच मोठं की."

त्यांच्याच रीतीनं ते अडकले होते. रीत मोडली म्हणावं तर ती त्यांनीच मोडली होती. साखर खाऊन टाकली असती तर घर त्यांचं होतं. एक चिमूट. पण ती चिमूट त्या तिघांपैकी एकालाही गिळवेना. मी वाट बघितली, खरंच बघितली. कुणाचा हात वाटीकडं आला नाही.

आबा उठले. तुमीचं तू झालं.

"गिऱ्हाईक मिळायचं न्हाय तुला. सडंल घर."

"सडू दे. माजं हाय."

ते गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि तिथंच खाली बसले. शूरपणा सगळा दारापर्यंतचाच होता. नवरा भिंतीकडं तोंड करून पडला. "काय केलंस गं ह्ये?" एवढंच म्हणाला आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पाठ त्याची मोडली होती.

बँकेत गेले. साहेबांपुढं बसून थोडी मुदत मागून आणली. वरच्या खोल्या नर्सिंग शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं दिल्या. शिलाई मशीन वरच्या खोलीतून उचलून खाली हॉलमध्ये आणलं, रस्त्याकडच्या खिडकीत. आता दिवसभर तिथं बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिसते. जावयानं परत गाडी लावली तेव्हा मी पोलिसांना फोन केला. दुसऱ्यांदा लावली तेव्हा परत केला. आता लावत नाही. कॉलनी काही बदललेली नाही. आबा बघून न बघितल्यासारखं करतात, बायका अजून गेटाबाहेरून मापं सांगतात. मी सांगते, आत आल्याशिवाय शिवणार नाही. दोघी आल्या. बाकीच्या दुसरीकडं जातात. जाऊ देत.

घर मला विकायचंच आहे. तेव्हाही विकायचं होतं, आजही आहे. या लोकांशेजारी म्हातारं व्हायची मला हौस नाही. हप्त्याची तारीख जवळ आली की डब्यातले पैसे परत परत मोजते, अजूनही. पण हाकललेल्या माणसासारखी मी जाणार नाही आणि पडेल भावात तर नाहीच नाही.

एजंट म्हणाला होता, आडनाव आधी सांगू नका ताई, व्यवहार जमत आला की बघू. मी तो एजंट सोडला. गेटवर स्वतः पाटी लावली. घर विकणे आहे, खाली माझं नाव, आणि आडनाव लांबून वाचता येईल एवढं मोठं. पाटीवर नंबर आहे, अधूनमधून फोन येतात. खोल्या किती, पाणी कसं, गच्ची कुणाची, असं विचारतात. मी म्हणते, सांगते सगळं, आधी मी कोण ते ऐका. आडनाव सांगते, जात सांगते, मग भाव सांगते. भाव बाजाराचा, एक रुपया कमी नाही.

बरेचदा समोरचा माणूस गप्प होतो. मीही गप्प राहते. फोन मी ठेवत नाही. ठेवायचा असेल तर त्यानं ठेवावा.