फिल्टरमागचा मासा

मासे विकणाऱ्या दुकानदाराने मला फसवलं. माझ्या टाकीत एकच मारकुटा फ्लॉवरहॉर्न मासा आहे. काचेवरचं शेवाळ खायला दुसरा मासा मागितला, तर म्हणाला, “शेठ, मोठाच न्या.” मी घासाघीस केली, तेव्हा त्यानेच लहान मासा पिशवीत बांधून दिला. “हाही टिकेल.”

आता ते बोटाएवढं पिल्लू फिल्टरमागे अंग चोरून बसतं. काचेकडे सरकलं की फ्लॉवरहॉर्न धावून येतो, शेपटीचा लचका तोडतो. समोर हिरवंगार शेवाळ आणि याचं पोट खपाटीला. पोटासाठी शहरात आलेली कितीतरी माणसं मी अशीच भिंतीला चिकटलेली पाहिली; त्यातली फार थोडी वर आली.

“परत देऊन या,” बायको म्हणाली. मी पिशवीत घालून नेला, तर दुकानदार हसला, “शेपटी फाटलेला मासा कोण घेणार?”

हा जीव आता वाचत नाही. दुकानदाराने माझ्या टाकीसमोर उभं राहून त्याचा जाब द्यावा.