अध्यक्षांचा नंबर

आण्णा बोलायला लागले की माझ्या कोल्हापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानातली माणसं आपलं बोलणं थांबवायची. उभा जन्म कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. साधं पाणी मागितलं तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. तोंडाबरोबर हातही चालायचे, कारण माग सुरू असताना तोंडाचा काही उपयोग नसतो. आण्णा जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. त्यांच्या शेडमध्ये चारपाच कर्णबधिर पोरंपोरी कामाला होती. त्यांच्याशी बोलता बोलता आण्णा खुणांची भाषा शिकले आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात नाटकाचं खूळ शिरलं.

नाटकाचं नाव ‘पोहे’. मुलगी बघायला पाहुणे येतात, मुलीला ऐकू येत नाही आणि घरच्यांनी ते लपवून ठेवलेलं असतं. ती हातात ताट घेऊन एकेकाच्या ओठांकडे बघत राहते. हे काम सुनंदा करायची. एरवी ती सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर असे. सुट्टीच्या दिवशी बंद मागांच्या मधल्या बोळात तालीम व्हायची. आण्णांना हे नाटक एकदा तरी कोल्हापुरात, खऱ्या रंगमंचावर, दिव्यांच्या उजेडात करायचं होतं. त्यासाठी अनुदान हवं, अनुदानासाठी अर्ज हवा आणि अर्जासाठी टाइप करणारं माणूस हवं. म्हणून ते एस.टी.नं माझ्याकडे यायचे.

अर्जासोबत संहितेच्या तीन प्रती जोडायच्या होत्या. संहिता कुठली असणार? सगळं नाटक पोरांच्या हातांत. मग आण्णांनी माझ्या दुकानातच नाटक केलं. स्वतः मुलगी, स्वतः सासू, स्वतः पोह्यांत मीठ कमी पडलं म्हणून तोंड वाकडं करणारा मामा. उताऱ्याच्या प्रती काढायला गडमुडशिंगीहून आलेले दोन शेतकरी आपलं काम विसरून हसत उभे राहिले. मी बघत बघत टाइप करत होते. शेवटी मुलगी ताट खाली ठेवते आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी बोलायला लागते, तेव्हा दुकानात कोणी हसत नव्हतं.

देणगीदारांचा अनुभव मात्र भारी होता. एका कारखानदारानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, “माझ्या वाढदिवसाला घेऊन या सगळ्यांना. जिलेबीचं जेवण घालतो, फोटो काढू.” आण्णा त्यांच्या बैठकीत सगळ्यांसमोर गरजले, “पावणं, पोरं उपाशी न्हाईत की! कामाला जात्यात, मिळवून खात्यात. नाटकाला हॉल पायजे, जिलबी नगं.” हॉलही मिळाला नाही आणि जिलेबीही. परतीच्या वाटेवर मी रागावले तर म्हणाले, “मग काय तोंड गोड करून गप बसू व्हय?” असा माणूस अनुदान मिळवणार तरी कसा?

त्यांच्या नादानं मीही खुणा शिकले. सुरुवातीला मी चेहरा मख्ख ठेवून नुसतेच हात हलवायची. आण्णा वैतागायचे. “हातानं खोटं बोलता येत न्हाय, पोरी. हात काय बी म्हणू दे, त्वांड खरं सांगतंय. ही पोरं आधी त्वांड वाचत्यात.”

शेवटी एका ट्रस्टच्या योजनेत आमचा अर्ज पुढे सरकला. अर्जात एक रकाना होता, संस्थेच्या अध्यक्षांचा संपर्क क्रमांक. अर्जासाठी पोरांची संस्था नोंदवली होती, तिची अध्यक्ष सुनंदा होती. आण्णांनीच हट्टानं केली होती. मी विचारलं, “नंबर तुमचा टाकू ना?” आण्णांचा आवाज चढला. “का म्हणून? नाटक तिचं, संस्था तिची. नंबरबी तिचाच टाक.” मला ते इतकं आवडलं, की तो फोन वाजला तर उचलणार कोण, हे माझ्या लक्षातच आलं नाही. इतक्या लोकांचे अर्ज टाइप करणारी मी, मलाच कळायला हवं होतं. सुनंदाचा नंबर मी माझ्या बोटांनी टाइप केला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. ‘दूरध्वनीवरून तीन वेळा संपर्क साधूनही अध्यक्षांनी प्रतिसाद दिला नाही. सबब प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.’ आम्ही ट्रस्टच्या ऑफिसात धावलो. तिथला कारकून भला माणूस होता, त्यानं चहा सांगितला. “ऐकू येत न्हाय ओ तिला!” आण्णा म्हणाले. “मग नंबर कशाला दिलासा?” त्यानं साधेपणानं विचारलं. “आता यादी वर गेली. माझ्या हातात काय न्हाय.” आण्णांचा आवाज बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. जिना उतरताना एवढंच म्हणाले, “सुनंदाला सांगू नगंस. तिला वाटंल, तिच्यामुळं गेलं.”

पुढच्या वर्षी मालकानं माग भंगारात काढले, शेड विकली, तालमीची जागा गेली. दोन पोरं कामासाठी सुरतेला गेली. आण्णांनी आणखी तीन अर्ज करून घेतले, नंबर स्वतःचा घालून. एकाचंही उत्तर आलं नाही. थंडीत त्यांना हार्ट अटॅक आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ‘पोहे’ कोल्हापुरात झालंच नाही. आता होणारही नाही.

दिवसकार्याला मी कबनूरला गेले. सुनंदानं मला बाजूला घेतलं आणि स्वतःचा फोन दाखवला. त्यात एकाच लँडलाइनवरून आलेले तीन मिस्ड कॉल होते. त्या तारखा ट्रस्टच्या पत्रात होत्या, मला पाठ होत्या. फोन थरथरलेला तिला कळला होता. तिन्ही वेळा तिनं त्या नंबरला मेसेज टाकला होता, ‘मला ऐकू येत नाही. कृपया लिहून पाठवा. सुनंदा, अध्यक्ष.’ तिन्ही मेसेजखाली लिहून आलं होतं, पाठवता आला नाही.

तिनं हातांनी विचारलं, कुणाचा फोन होता?

मला आण्णांचं जिन्यावरचं बोलणं आठवलं. मी खूण केली, कुणाचा नाही, चुकून लागला असेल.

सुनंदानं माझ्या हातांकडे बघितलंच नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.