आबांच्या ओवीचा कापलेला शेवट

उसाचा ट्रॅक्टर गाणं वाजवत जवळ येऊ लागला की मी घाबरून खिडकी लावून घेतो. हसायचं असेल तर हसा. चिंचोळी एमआयडीसीत बारा वर्षं मशीनवर काम करतोय, बोटं जातील अशा यंत्रांना कधी घाबरलो नाही. पण गळीत हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या ओढत येणाऱ्या त्या ट्रॅक्टरांचा आवाज मला नकोसा होतो. कारण त्यांच्या स्पीकरवर गातात ते आमचे आबा.

आबा म्हणजे माझे वडील. जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरं विकल्यावर ते सांगोल्याकडचा माळ सोडून माझ्याकडे, पुणे रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आले. येताना आणलं काय, तर एक घोंगडं आणि ओव्या. त्यातली एक ओवी त्यांनी स्वतः बांधलेली. ती म्हणायची आमच्या घरची रीत अशी, की आधी बिरोबाला हाका मारून बोलवायचं, मग त्याची कथा सांगायची आणि शेवटी मानानं परत वाटेला लावायचं. बोलावलेला देव तसाच सोडून उठायचं नाही. लहानपणी एकदा ओवी चालू असताना वळवाचा पाऊस आला. सगळे पळाले, आबा मात्र एकटेच भिजत शेवट म्हणत बसले. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती.

दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत मी ती ओवी मोबाइलवर रेकॉर्ड केली. बापाचा गळा चार लोकांनी ऐकावा एवढीच हौस. पण ओवी तासाभराची, आणि फोनवर तासभर कोण ऐकतं? मग मी शहाण्यानं पहिली चार मिनिटं तेवढी ठेवली. त्यात ढोल तापलेला असतो आणि आबा देवाला हाकांवर हाका मारतात. बाकी सगळं कापलं. आबा आपलं नाव-गाव शेवटच्या ओळीत गुंफायचे, तेही गेलं. वर फोन भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तो तुकडा नाक्यावरच्या मोबाइलवाल्याला दिला. तो पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो, आणि ट्रॅक्टरवाले त्याचं मोठं गिऱ्हाईक.

महिन्याभरात गाणं टेंभुर्णीपर्यंत पोचलं. आमच्या शिफ्टमधल्या पोरांनीही कुठून कुठून डाउनलोड केलं. त्याला नाव पडलं होतं ‘धनगरी ढोल नंबर एक’. गाणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गाण्यावर जीव होता सगळ्यांचा. माझी छाती फुगली होती. आबांना मी अजून सांगितलंच नव्हतं, म्हटलं एकदा गंमत करू.

गंमत झाली ती रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. मी आणि आबा चहा पीत होतो आणि एका ट्रॅक्टर ड्रायव्हरनं तेच गाणं लावलं होतं.

“लई भारी हाय की,” तो म्हणाला, “कोन म्हनतंय काय म्हाईत.”

“हे बसलेत की,” मी म्हणालो.

तो पोऱ्या आधी खोटंच समजला. मग आबांनी बसल्या जागी एक हाक मारून दाखवली, तसा तो उठून त्यांच्या पाया पडला. स्पीकर आणखी मोठा केला. आबा डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ऐकत होते. त्यांना इतकं खुश मी मेंढरं विकल्यापासून पाहिलं नव्हतं. चार मिनिटांनी गाणं संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

आबांनी डोळे उघडले. “फुडचं कुटं हाय?”

“येवढंच हाय, आबा. परत लागतंय बगा आपोआप. दिवसभर थांबत न्हाय,” ड्रायव्हर म्हणाला.

“परत बोलवतंय? आन् वाटंला कवा लावतंय?”

पोरगं माझ्या तोंडाकडे बघू लागलं. मी पटकन म्हणालो, “मोबाइलवाल्यानं कापलं असंल.” खोटं बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्या दिवसापासून ट्रॅक्टर आला, की आबा हातातलं काम टाकून दारात उभे राहायचे आणि हळू आवाजात शेवट म्हणायचे. आधी दारात, मग रस्त्याच्या कडेला. मी मोबाइलवाल्याकडे जाऊन गाणं पुसायला सांगितलं, तर तो म्हणाला, “मी पुसून काय व्हतंय? ज्यानं त्यानं डाउनलोड केलंय. ते आता माझं बी न्हाय आन् तुमचं बी न्हाय.” मग म्हटलं, पूर्ण ओवी नव्यानं रेकॉर्ड करू. आबांनी फोन पाहिला आणि तोंड मिटून घेतलं. फोनसमोर देवाला बोलवायची आता त्यांना भीती वाटत होती.

मी काही देवभोळा माणूस नाही. तरी रस्त्यानं जाताना, कुणाच्या वरातीत, कुणाच्या खिशात ती हाक ऐकू आली की अंगावर काटा यायचा. देवाला कुठे कुठे बोलावून ताटकळत ठेवलंय आपण, असं मनात यायचं. आणि आबांना तर धाप लागायला लागली होती.

गेल्या महिन्यात दुपारी घरी आलो तर आबा जागेवर नव्हते. रस्त्यावरून त्यांचाच आवाज येत होता, स्पीकरमधला. पळत गेलो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हळूहळू चढ चढत होता आणि आबा मागच्या ट्रॉलीला हात लावून, चाकापासून वीतभर अंतरावरून शेवट म्हणत चालले होते. मी ओरडलो. ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, इतका मोठा आवाज होता. आबांचं धोतर चाकाला घासताना मी पाहिलं. कसा पोचलो ते आठवत नाही, पण त्यांना कवेत धरून मी बाजूला ओढलं आणि आम्ही दोघेही फुफाट्यात पडलो.

“सोड मला,” ते धापा टाकत म्हणाले, “थोडंच ऱ्हायलंय.”

मला रडू फुटलं. “आबा, मीच कापलं. मोबाइलवाल्यानं न्हाय.”

“म्हाईत हाय. टपरीवर तुजं तोंड बगितलं की.”

“मग बोलला का न्हाई?”

“बोलून काय व्हनार? आता तू म्हन माझ्यासंगं. मला दम पुरत न्हाय.”

मी तोंड उघडलं. शेवटाची पहिली ओळ आली. दुसरी अर्धी आली. पुढे काहीच नाही. दोन वर्षं मीसुद्धा ती चार मिनिटंच ऐकत आलो होतो. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं आणि पुन्हा तिथंच अडलो.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या बापाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“माझ्यामागं देवाला वाटंला लावायचं तुला बी येत न्हाय व्हय?” त्यांनी विचारलं.

“न्हाय येत, आबा,” मी म्हणालो.