घास तोंडापर्यंत

सायकल भाड्याची होती आणि मी हट्टी. सहावीची परीक्षा संपली आणि नाशिकच्या आमच्या कॉलनीतल्या उतारावरून ब्रेक न लावता सुटले, ती उजव्या हातावर आपटले. कोपर बघता बघता टम्म सुजलं. एक्स-रेचा फोटो काढायला कोण जातंय! वणीकडचा एक हाड बसवणारा तेव्हा फार नावाजलेला होता. आई मला एसटीने त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने हात ओढला, मी बोंब ठोकली, त्याने कामट्या बांधल्या आणि म्हणाला, "बसलं हाड. लय काळजी नका करू. पट्टी सुटली की रोज चोळा, मोकळा व्हईल."

आईने चोळलं. बाई गं, कसं चोळलं! लसूण-ओवा घालून कडवलेलं तेल, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी रडायचे, तीही रडायची, पण तिचा हात थांबायचा नाही. "सोस गं सोन्या, सोसलंस की सुटेल." सुटतोय कसला! हात आणखीच लाकूड होत गेला. दिवाळी आली तरी सरळच्या सरळ. करंजी धरून मी मान खाली घालायचे, तरी तोंडाची आणि करंजीची गाठ पडेना.

मग एकदाचा फोटो निघाला. हाडांच्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "चोळत कोण होतं?"

"मी," आई म्हणाली.

सांधा पहिल्या दिवसापासून निखळलेलाच होता. तो कधी बसलाच नव्हता, आणि चोळून चोळून भोवती नवं हाड धरलं होतं. डॉक्टर वाईट नव्हते, पण गोड बोलणंही त्यांना जमत नव्हतं. लगेच आणलं असतं तर नुसता ओढून बसला असता, म्हणाले. आता उघडून बसवावा लागेल, आणि पूर्ण हात काही मिळणार नाही. घास तोंडापर्यंत गेला तरी मिळवली म्हणा.

ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं. आता चोळायचं अजिबात नाही, मुलीनेच हात वाकवायचा, अशी ताकीद होती. आई वरणभात कालवून पुढे ठेवायची आणि घास वर चढताना बघत बसायची. हात काटकोनात आला, आणखी थोडा आला. आम्हाला दोघींना वेडी आशा लागली. मग तोंडापासून चार बोटांवर जो अडला, तो अडलाच.

"नाही जात गं, आई," मी म्हणायचे. पुन्हा उघडला तर आहे तेही जाईल, डॉक्टर म्हणाले. संपलं.

मी डाव्या हाताने जेवू लागले. पंगतीत बायका कुजबुजायच्या. मी म्हणायचे, "तुमच्या ताटात नाही ना घातला? मग जेवा की!" आई मात्र मान वर करायची नाही. डॉक्टरांनी तो फोटो बघितला त्या दिवसापासून तिने माझ्या कोपराला कधी हात लावला नाही. बाहीत हात घालून देतानासुद्धा मनगट धरायची.

मी नोकरीला लागले त्या वर्षी थंडीत कोपर फार ठणकत होतं. मीच तेल कोमट केलं आणि वाटी घेऊन तिच्यासमोर बसले. "चोळ गं," म्हटलं, "आता काय बिघडायचं राहिलंय?"

तिने बोटं तेलात बुडवली. हात पुढे आणला, आणि कोपराशी येऊन तो थांबला. तेल माझ्या साडीवर टपकत राहिलं.

"नाही जात गं," आई म्हणाली.