तारांवरचा संशय
लवंगेच्या तेलाचा वास आला की मनीषनगरातला तो दवाखाना आठवतो. वेड्यावाकड्या दातांना तारा लावल्या आणि काही दिवसांतच माझा पुढचा दात हलू लागला. तारांवर आधीपासूनच संशय असलेल्या बाबांनी मला खापरखेड्याहून तडक तिथे नेलं. "चांगला दात हालून राहिला, मॅडम. काढा ह्या तारा!" डॉक्टरबाई म्हणाल्या, "तार दाताला हळूहळू ढकलते. पुढचं हाड झिजतं, मागे नवं भरतं. तोवर दात थोडा हलणारच." "अन् नाही भरलं तं?" बाईंनी मास्क खाली केला. त्यांच्याही दातांना तारा होत्या. बाबा वाकून निरखत राहिले. "तुमचा हालते का?" "हालते ना, काका." बाबांनी तारा राहू दिल्या. त्या निघून आता वर्षं झाली, दात सरळ आहेत. तरी मी भुट्टा खायला घेतला की बाबा अजून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात.