भात्यात राहिलेली अक्षता

इंदूरच्या विमानतळावर शीतल पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. तिच्या हातात नर्सिंगच्या डिग्रीची फाइल, माझ्या हातात दोघांचे स्वेटर. जर्मनीने बोलावलं होतं तिला, मी तिचा नवरा म्हणून सोबत. फॉर्मात 'शिक्षण' या शब्दापुढे 'नववी' लिहिताना माझा हात दोनदा थांबला होता. काचेपलीकडून बाबा खुणा करत होते, मफलर बांध, मफलर बांध. मे महिना, अंगाची लाही होत होती आणि माणूस मफलरच्या काळजीत!

कैलाशजी त्या दिवशी दुकान बंद ठेवून आले होते. शाळा सुटल्यापासून मी त्यांच्याच हार्मोनियमच्या दुकानात पेट्या दुरुस्त करत बसलो, बडा गणपतीच्या देवळापासून दोन गल्ल्या आत. आपल्या इंदुरी हिंदीत म्हणाले, "भिया, जर्मन नी आती तो नी आती। कान तो साथ ले जा रिया है ना?" मी हसलो खरा. इंदूरमध्ये मला न बोलता ओळखणारी माणसं होती. तिकडे तोंड उघडल्याशिवाय कोण ओळखणार?

ताई, परवा फोनवर तू विचारलंस, "काय रे, तिकडे मोठ्या हॉलमध्ये गाणं ऐकायला गेलास म्हणे, कसं होतं?" मी "एकदम बढिया" म्हणून टाळलं. खरं तर सांगण्यासारखं खूप होतं, म्हणून लिहितोय.

इथे आलो तेव्हा वर्षभर एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासली. रोज येता-जाता एक दुकान लागायचं. एक दिवस त्याच्या खिडकीत ॲकॉर्डियन उघडून ठेवलेला दिसला. गळ्यात अडकवून वाजवायची ती पेटी तू लग्नाच्या बँडमध्ये पाहिलीच असशील. बाहेरून सगळी फॅशन, पण पोट उघडलं की आपलीच पेटी! तोच भाता, त्याच पितळेच्या पट्टीवरच्या, थरथरून सूर काढणाऱ्या पत्त्या, तेच चामडं. मी काचेला नाक लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. आतून साठीच्या एक बाई आल्या. त्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, दुकानाच्या मालकीण. त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी काय बोललो ते त्यांना. शेवटी त्यांनी चिरकी वाजणारी एक पत्ती माझ्यापुढे ठेवली. मी पत्ती खरवडली, फुंकली, कानाला लावली, परत खरवडली. त्यांनी ऐकलं आणि भिंतीवरचा एक रिकामा ॲप्रन काढून माझ्या हातात दिला. सहा महिने कच्ची नोकरी, जमलं तर पक्की.

बाईंचे हात बघत राहावेत असे. पत्ती कानाला न लावता, नखाने नुसती छेडून त्या सांगतात, कुठे किती घासायची. मी चुकलो की ओरडत नाहीत, फक्त चष्मा कपाळावर चढवतात. तेवढ्यानेही मला घाम फुटतो.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात, माझी नोकरी अजून कच्चीच असताना, खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा, त्यांना हात लावायचा नाही. कैलाशजी माळव्याचे, त्यांच्या घरी हे नव्हतं, पण माझ्यामुळे दुकानात सुरू झालं, आणि पुढे तर तेच मला आठवण करून द्यायचे. इथेही मी कानस, खरवडणी, पक्कड धुऊन टेबलावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. फ्राऊ केलर बघत उभ्या.

"आज काम नाही?"

"हत्यारांना सुट्टी," मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं.

"आणि मला?" त्या म्हणाल्या, आणि कॉफी करायला गेल्या.

त्या दिवशी टेबलावर एका मोठ्या वादक बाईंचा ॲकॉर्डियन उघडा पडला होता. दोन दिवसांनी त्यांचा कार्यक्रम. त्याचं सगळं खालचं सप्तक मी सुरात लावलं होतं, पहिलं मोठं काम. मनात आलं, याच्यावरही चार अक्षता टाकाव्यात, आणि टाकल्या. दुकानात आम्ही पेट्यांवर टाकायचो, पण तिथे पेटीचं झाकण बंद असायचं. इथे पोट उघडं आहे, एवढं डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिसल्या तेवढ्या अक्षता उचलल्या, भाता बसवला, सगळे सूर वाजवून पाहिले. ठीक. बाजा वादक बाईंकडे गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी टेबल झाडत होतो, तर ज्या चौकटीवर तो बाजा ठेवला होता, तिच्या खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा.  खाचेत एक गेला, तर भात्यात किती गेले असतील? पत्तीला तांदूळ टेकला तर सूर चिरका होतो, अडकला तर मुकाच. आणि नाव खराब होणार फ्राऊ केलरचं.

हॉलमध्ये पोचलो तर दारं लागतच होती. फ्राऊ केलर शेजारी, गळ्यात मोत्यांची माळ. शब्द जुळवेपर्यंत दिवे मंद झाले.

ताई, ती शांतता तुला कशी सांगू? आपल्याकडे मैफलीत सतरंजीवर पोरं झोपलेली, कोणी दाद देतंय, कोणी पोहे-जलेबीची चौकशी करतंय. गाणं त्या सगळ्याला घेऊन चालतं. इथे हजार माणसं बसलेली आणि खोकलासुद्धा सुरांच्या मधली जागा शोधून येतो. आधी वाटलं, रुसून बसलेत की काय. मग कळलं, ही त्यांची दाद आहे. वादक बाई एकट्या, खुर्चीवर. त्यांनी भाता उघडला आणि पहिला सूर इतका हळू आला की तो केव्हा सुरू झाला ते मला, कानाच्या माणसाला, कळलं नाही. किती सुंदर वाजवत होत्या! आणि मी मात्र गाणं ऐकतच नव्हतो. खालच्या सप्तकाकडे बोट जाताना बघत होतो आणि दरवेळी श्वास धरत होतो.

मध्यंतर झालं. अर्धा कार्यक्रम निभावला होता, उरलेलाही निभावला असता कदाचित. गप्प बसणं मला जमतं. नववीत नापासाचं प्रगतिपुस्तक मी तीन महिने लपवलं होतं. सापडलं तेव्हा बाबा मारायला धावले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "घाबरायचं तर सांगून घाबर रे. एकट्याने कशाला?"

मी फ्राऊ केलरना सांगितलं. अक्षता म्हणजे काय हे जर्मनमध्ये कुठून येणार? "तांदूळ," मी म्हटलं, "पूजेचा. आत. माझी चूक." चष्मा कपाळावर गेला. त्यांनी माझी बाही धरली आणि तडक स्टेजमागे नेलं.

त्या वादक बाई सफरचंद खात होत्या. फ्राऊ केलरनी दोन वाक्यांत सांगितलं. सफरचंद खाली ठेवून बाईंनी काही न विचारता आपल्या पेटाऱ्यातून पक्कड काढली आणि माझ्या हातात दिली. माझ्या! मी भात्याच्या खिळ्या उपसल्या, एका हाताने अर्धा बाजा धरला, दुसऱ्या बाजूला फ्राऊ केलर मोबाइलचा उजेड धरून. खालच्या सप्तकात, मेणाच्या कडेला चिकटलेला, पत्तीपासून केसभर दूर एक लाल दाणा. तो उचलून मी सगळे कप्पे परत दोनदा पाहिले. मगच खिळ्या ठोकल्या.

"हा आत होता सगळा वेळ?" बाईंनी तो दाणा तळहातावर घेतला. "तरीच आज बरं वाजत होतं."

फ्राऊ केलर हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी झाकण लावून." पुढच्या वेळी! ते दोन शब्द घेऊन मी खुर्चीत बसलो आणि त्या रात्री पहिल्यांदा गाणं ऐकलं. खालचं सप्तक असं भरून आलं, जसं घराच्या आतून कोणी बोलावतंय. मी लावलेले सूर होते ते, पण तसे ते मला कधीच वाजवता आले नसते. शेवटी लोक उभे राहिले, मीही राहिलो, आणि टाळ्या वाजवताना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

शीतल विचारते, आता घर म्हणजे कुठलं? इंदूरचं, राजेंद्र नगरातलं तर आहेच, ते कुठे जातंय. पण घर मी आता असं ओळखतो: चूक सांगितल्यावर जिथली माणसं आधी पक्कड शोधतात, रागावणं मागाहून बघतात. एवढ्या लांब येऊन मला अशी दोन माणसं मिळाली आहेत. बाबांना सांग, काळजी करू नका.