मागाच्या खड्ड्यावरचं टेबल

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. बायोलॉजीची मुलगी मी... कुणी भूत दिसलं म्हणालं की आधी विचारायचे, रात्री झोप झाली होती का? आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

आम्ही पवनीचे, विणकरांच्या घरातले. घरातला शेवटचा हातमाग माझ्या मोठेबाबांचा – म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून ते पावड्या दाबत बसायचे आणि धाग्याचा धोटा इकडून तिकडे पळायचा... खट खट, खट खट. त्याच खोलीच्या कोपऱ्यात माझा मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास.

अभ्यास कसला, वेळेची माती! क्लासने दिलेलं टाइमटेबल भिंतीवर, मोबाइलमध्ये टायमर, आणि तरी फिजिक्सच्या एका गणितात आख्खी दुपार जायची. सारखी घड्याळ बघायचे आणि बघण्यातच वेळ जायचा. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. बाबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अजून एक साल घे. नाही झालं त मंग बी.एस्सी.ले टाकून देऊ." मला डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचा विचारच कधी केला नव्हता.

मोठेबाबांनी भिंतीवरचं घड्याळच उतरवलं.

"त्याच्याकडं पाहून काय होते वं? माह्या मागाकडं कान ठेव. माग चालू हाय तवरिक मान वर करायची नाही. धागा तुटला का मी थांबतो, तूबी थांब. पाणी पी. धागा जोडला का आपण दोघंबी सुरू."

आणि हे जमलं हो! घाई नाही, टंगळमंगळ नाही. मॉक टेस्ट पहिल्यांदाच वेळेत संपू लागल्या.

दिवाळीनंतर मोठेबाबा गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. माग चालवणारं कुणी उरलं नाही. बाबांनी तो खोलून विकला, खड्ड्यात मुरूम भरून वर सिमेंट केलं. तिथे खिडकीचा उजेड बरा येतो म्हणून माझं टेबल नेमकं त्याच जागेवर आलं. मी पुस्तक उघडून नुसती रडायचे. घड्याळ परत भिंतीवर, वेळेची परत माती.

मग एका सकाळी... चांगलं ऊन पडलं होतं, आई अंगणात भांडी घासत होती – पायाखाली खट खट. आधी तळव्यांना कळलं, मग कानांना. आमच्या गल्लीत आता कुणाकडे माग नाही, तरी मी जाऊन बघून आले. आईला विचारलं.

"डोस्कं तापलं तुहं," ती म्हणाली. "मले त काही ऐकू नाही येत. थोडी पडून राय."

भीती वाटली नाही, खरं सांगते. उलट जीव भांड्यात पडला. मी बसले आणि लिहू लागले. आवाज थांबला की थांबायचे, पाणी प्यायचे, आणि धागा जोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो परत सुरू व्हायचा. परीक्षेपर्यंत असंच चाललं.

सेंटर भंडाऱ्याला आलं. पेपर हातात पडला आणि त्या परक्या वर्गात, बाकाखाली... खट खट! बरं वाटून रडूच आलं. बायोलॉजी झालं, केमिस्ट्री झाली. फिजिक्स अर्ध्यावर आलं आणि आवाज थांबला.

धागा तुटला असेल, म्हटलं. पेन ठेवलं. पाणी प्यायले. वाट बघितली.

तुम्हाला हा मूर्खपणा वाटेल, आता मलाही वाटतो. समोर घड्याळ पुढे जाताना दिसत होतं. शेजारची मुलगी भराभर गोल काळे करत होती. पण माग थांबलेला असताना हात चालवायची माझी सवयच गेली होती... आता जोडतील, आता जोडतील. शेवटी भानावर येऊन पेन उचललं तेव्हा वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. बेल झाली. फिजिक्सचे कितीतरी गोल पांढरेच राहिले.

बाबा सोबत आले होते, त्यांच्याबरोबर बसने परतले. घरी पोचले तर आई दारातच उभी, चेहरा नुसता फुललेला. हाताला धरून तिने मला टेबलापाशी नेलं.

"मले ऐकू आला वं आज! इथंच, टेबलाखाली. दोन वाजता तुहा पेपर सुरू झाला, तवाच हाबी सुरू झाला. मी हात जोडून बसूनच होती. पाच वाजेपर्यंत खट खट, खट खट... एक डावबी थांबला नाही. मले वाटलं, माह्या पोरीचा पेपर बढिया जाऊन राहिला."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

निकाल लागला. सध्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. त्या दिवसानंतर आवाज ना मला आला, ना आईला. टेबल तिथेच आहे. अजूनही कधी कधी चपला काढून तळवे जमिनीला लावून बसते... थंड सिमेंट लागतं, बाकी काही नाही.

सेंटरवर झालं ते आईला मी अजून सांगितलेलं नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर द्या, माझ्याकडे नाही. माग थांबलाच नव्हता, तर मी कशाची वाट बघत बसले होते?